मामांनी केलेली वायफायची मोजणी

आमचं घर हुलसूरला, गावाच्या कडेला आहे. तिथून महाराष्ट्र इतका जवळ आहे की माझा मोबाईल दिवसातून चार वेळा हद्द ओलांडतो. मी चुलीपुढं भाकरी थापत असते आणि निरोप येतो, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. भांडी घेऊन परसात गेले की कर्नाटक स्वागत करतं. दोन्ही राज्यांचं अगत्य मोठं, पण फोन एकाही राज्यात धड लागत नाही. बोलता बोलता माणूस तुटतो आणि मग पुढचा अर्धा तास दोघंही एकमेकांना फोन करत बसतात, त्यामुळं दोघांनाही लाईन व्यस्त मिळते.

मी जवळच्या एका खेड्यात मराठी शाळेवर शिक्षिका आहे. खात्यानं शिक्षकांची प्रशिक्षणं ऑनलाईन सुरू केली. दर बुधवारी दुपारी दोन ते चार, कॅमेरा चालू ठेवून बसायचं. त्या दिवशी दुपारनंतर घरून बसायची मुभा होती. मोबाईलच्या भरवशावर हे जमण्यातलं नव्हतं, म्हणून घरात इंटरनेटची वायर घ्यायची ठरली.

घरात आम्ही तिघं. माझे यजमान कलबुर्गीला नोकरीला असतात, शनिवारी येतात आणि सोमवारी पहिल्या बसनं जातात. बाकीचे दिवस मी, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या.

वायर जोडायला केबलवाला अण्णा आला. पन्नाशीचा माणूस. गावातल्या लग्नात माईकही तोच लावतो, त्यामुळं कुठलंही यंत्र चालू केलं की तो त्याच्याशी आधी ‘हॅलो, हॅलो’ असं बोलतो. त्यानं पुढच्या हॉलमध्ये शोकेसवर पांढरा डबा ठेवला, त्याच्या दोन दांड्या उभ्या केल्या, डब्यावरचे चार निळे दिवे लुकलुकायला लागले. आमचं घर तीन खोल्यांचं, एकामागं एक. पुढचा हॉल सिमेंटचा, अलीकडं बांधलेला. मधली खोली जुनी, दीड हात जाडीच्या दगडी भिंतींची. मागं पत्र्याचं स्वयंपाकघर. माझं टेबल मधल्या खोलीत. अण्णा मोबाईल हातात धरून घरभर फिरला. हॉलमध्ये चार कांड्या, मधल्या खोलीत दोन, स्वयंपाकघरात एकही नाही.

त्यानं मधल्या भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, “ग्वाडी दप्प अदा, मॅडम.”

भिंत जाड आहे हे मलाही दिसत होतं. “मग काय करायचं?” मी विचारलं.

“नाळे बर्तीनि,” तो म्हणाला. उद्या येतो. अण्णाचं उद्या म्हणजे या महिन्यातला कुठलाही दिवस.

पहिल्याच बुधवारी मी केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून मधल्या खोलीत बसले. दोन वाजता सुरुवात झाली आणि दोन वाजून दहा मिनिटांनी सगळे जागच्या जागी थांबले. कुणाचं तोंड उघडं, कुणाचा हात नाकाजवळ. मी बराच वेळ ते चेहरे बघत बसले. नंतर कळलं की तिकडं त्यांचं व्यवस्थित चालू होतं, थांबले होते मी. माझ्या एका मैत्रिणीनं त्या वेळी पडद्याचा फोटो काढून मला पाठवला. त्यात माझे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, मॅडम झोपल्या वाटतं, उठवू नका.

मी यजमानांना फोन लावला. ते म्हणाले, “डबा बंद कर आणि परत चालू कर.”

मिक्सर असो की पाण्याची मोटर, त्यांचा उपाय हाच असतो. एकदा मी रागावले होते तेव्हा ते बाहेर गेले, दार लावलं, दोन मिनिटं थांबले आणि परत आत आले. मला वाटतं ते त्याच समजुतीतून असावं. डबा मी बंद केला, चालू केला. प्रशिक्षण संपलं तेव्हा तो जोडला गेला.

गंमत अशी की संध्याकाळी आणि सकाळी मधल्या खोलीत बरं चालायचं. अगदी उत्तम नाही, पण चालायचं. त्यामुळं माझ्या तक्रारीवर कुणाचा विश्वास बसेना. मामा सकाळी माझ्या खुर्चीवर बसून बातम्या बघायचे आणि म्हणायचे, “मला तर झ्याक दिसायलंय.”

तिसऱ्या बुधवारी मी लॅपटॉप डोक्यावर धरून स्टुलावर उभी असताना मामा पाणी प्यायला उठले.

“काय करायलीस?”

“रेंज बगायलेय मामा. वर जास्त असती म्हणं.”

“कुटं किती हाय, ते मोजलीस का?”

“ते कसं मोजायचं?” मी विचारलं.

हा प्रश्न मी विचारायला नको होता. मामांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली होती. आळंद, भालकी, बसवकल्याण, कुठं कुठं त्यांनी शेतं मोजली होती, आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी त्यांचे डोळे मोजतच असायचे. लग्नाला गेले की मांडवात शिरताच म्हणायचे, चाळीस बाय साठ. पंगत वाकडी बसली तर त्यांना जेवण जायचं नाही. घरात मोजायला काही उरलं नव्हतं, कारण सगळं मोजून झालं होतं. आणि आता मी त्यांना सांगत होते की या घरात एक अशी गोष्ट आहे जी अजून कुणी मोजलेली नाही.

त्यांच्या मोबाईलवर मी एक अॅप घालून दिलं. त्यात सिग्नल आकड्यात दिसतो आणि आकडा उणे असतो. डब्याजवळ उणे पस्तीस, लांब गेलं की उणे ऐंशी. मामांना हे आधी पटेना. ऐंशी मोठं की पस्तीस? मी समजावायला गेले आणि माझाच गोंधळ झाला. मग थोड्या वेळानं ते आपणच म्हणाले, “म्हंजे हिरीच्या पाण्यावानी. पस्तीस फुटाला पानी लागलं तर बरं, ऐंशी फुटाला लागलं तर अवघड.”

एवढं सोपं मला कुणी प्रशिक्षणातही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून साखळी काढली. निवृत्तीच्या वेळी सोबतच्यांनी आठवण म्हणून दिलेली, मोजणीची जुनी लोखंडी साखळी. तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि ती फरशीवरून खळखळ ओढत ते मागच्या दाराकडं निघाले. आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पाय वर घेतले.

“रोज ऱ्हातो त्या घराला साकळी कामून लावायलेत?” त्या म्हणाल्या.

“वायफाय मोजायलाव,” मामा म्हणाले.

 आत्या तांदूळ निवडत राहिल्या.

दर तीन फुटाला खडूची फुली. फुलीवर उभं राहायचं, मोबाईल छातीपाशी धरायचा, आकडा ओरडून सांगायचा, मी वहीत लिहायचा. मला शाळेला उशीर झाला आणि मुख्याध्यापकांना कारण काय सांगावं हे मला बसमध्येही सुचलं नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा मामांनी नकाशा तयार केला होता. मोठ्या कागदावर, रंगीत पेन्सिलींनी, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण आणि खाली सही. हॉल हिरवा, त्यावर लिहिलं होतं ‘बागायत’. मधली खोली पिवळी, ‘जिरायत’. स्वयंपाकघर तांबडं, ‘पडीक’. न्हाणीघरात तर काहीच लागलं नव्हतं, तिथं त्यांनी ‘गायरान’ लिहिलं होतं.

“तुजं टेबल जिरायतीत हाय,” ते मला समजावत म्हणाले. “पिकंल, पर हिशोबात पिकंल.”

नकाशा हॉलमध्ये कॅलेंडरशेजारी लागला. पाहुण्यांना तो दाखवायचे. पाहुणे घर विकायला काढलंय का असं विचारायचे.

पुढच्या बुधवारी प्रशिक्षण पुन्हा बंद पडलं. मी मामांना उठवलं. ते मधल्या खोलीतच पलंगावर दुपारी पडतात. त्यांनी डोळे चोळत मोबाईल घेतला आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले. सकाळी तिथं उणे बासष्ट होतं. आता उणे पंच्याऐंशी.

मामांनी मोबाईल हलवून परत बघितला. मग त्यांनी फुलीवर पाय बरोबर आहे का ते खाली वाकून बघितलं.

“माजी मोजणी तीस वरसात कदी फिरली न्हाई,” ते हळूच म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. माझं प्रशिक्षण राहिलं बाजूला, मी त्यांना चहा करून दिला. तो त्यांनी अर्धा ठेवला. त्या दिवसापासून ते रोज दुपारी झोप मोडून आकडा बघायला लागले, आणि रोज दुपारी दोन वाजून गेले की चारपर्यंत आकडा विहिरीच्या तळाला जायचा. चार वाजले की वर. हॉलमध्ये जाऊन बघावं, तर दुपारी आत्या तिथं दाराला कडी घालून, फॅनखाली सतरंजी टाकून झोपतात, आणि त्यांची झोप मोडायची कुणाची छाती नाही. मामांना दाराचा संशय आला. त्यांनी सकाळी ते दार लावून मोजलं. तीन-चार आकड्यांचा फरक पडला, तेवढाच. मग उन्हाचा संशय आला. पत्रा तापला की लहरी विरघळत असतील का, असं त्यांनी मला विचारलं. मी विज्ञानाच्या सरांना विचारून सांगते म्हटलं आणि विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. डब्याच्या दोन दांड्या ते रोज सकाळी कोनमापक लावून नीट उभ्या करायचे आणि संध्याकाळी त्या आडव्या पडलेल्या असायच्या. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी तर दिवसभर शाळेत असायचे. मग त्यांनी पालींवर ठपका ठेवला. शोकेसमागं दोन पाली होत्या खऱ्या.

एका सकाळी ते अॅप बघता बघता एकदम ताठ बसले. त्यात आजूबाजूच्या सगळ्या वायफायची यादी दिसते. आमच्या नावाखालोखाल दुसरं नाव होतं, ‘ड्रिल’.

“ह्यो मास्तर आपल्या मधल्या खोलीत शिरलाय,” मामा म्हणाले.

ड्रिल मास्तर म्हणजे आमचे शेजारी. उर्दू शाळेतून कवायतीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. शाळा सुटली तरी त्यांच्या गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक बोळ आणि कमरेएवढी भिंत. मामांचा आणि त्यांचा सकाळचा चहा त्या भिंतीवरच होतो, आळीपाळीनं, एक दिवस आमच्या घरचा आणि एक दिवस त्यांच्या. मामा त्या दिवशी चहा न घेता नुसताच मोबाईल घेऊन भिंतीपाशी गेले. मी मागं मागं गेले, कारण मला भीती वाटत होती.

“मास्तर, तुमच्या वायफायनं आमच्या हद्दीत अतिक्रमण केलंय,” मामा म्हणाले. बोलणं एकदम कचेरीतलं.

मास्तरांनी बशी खाली ठेवली. “क्या साब, हवा कू बी हद्द के पत्थर गाड़ते क्या?”

“उणे सत्तर दिसायलंय तुमचं, आमच्या मधल्या खोलीत.”

“अच्छा,” मास्तर म्हणाले आणि आत जाऊन आपला मोबाईल घेऊन आले. “अब ये देखो. तुमारा मेरे कोठी में आके आराम से बैठता. मैं कुछ बोला क्या?”

मामा भिंत ओलांडून गेले. मीही वळसा घालून गेले. मास्तरांची कोठीची खोली आमच्या हॉलच्या खिडकीसमोर येते. तिथं कांदे, तुरीची पोती आणि मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे चाचींच्या, लोणच्याच्या बरण्या. मामांनी बरण्यांमध्ये उभं राहून आकडा बघितला. आमचं वायफाय, उणे त्रेपन्न. आमच्या मधल्या खोलीपेक्षाही चांगलं.

“आमची बागायत तर तुमच्यात हाय की मास्तर,” मामा म्हणाले, आणि त्यांचा राग तिथंच संपला. पुढचा तासभर दोघांनी मिळून मास्तरांचं घर मोजलं. साखळीचं दुसरं टोक आता मास्तरांच्या हातात होतं, त्यामुळं मी शाळेला वेळेवर गेले.

अण्णाचं उद्या त्याच आठवड्यात उजाडलं. त्यानं दोन्ही घरचे डबे बघितले आणि सांगितलं की दोन्ही एकाच चॅनलवर बोलतायत, म्हणून एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येईना. आमचा डबा त्यानं एक नंबरवर ठेवला, मास्तरांचा अकरावर. “हॅलो, हॅलो,” दोन्हीकडं म्हणून झालं. मामांनी लगेच कागद आणला. आमचं चॅनल एक, शेजाऱ्यांचं अकरा, दोन्ही पक्षांना मान्य, असा पंचनामा केला. मास्तरांनी उर्दूत सही केली, अण्णानं कन्नडमध्ये, मामांनी मराठीत. साक्षीदार म्हणून माझी घेतली.

यानं खरंच फरक पडला. संध्याकाळी मधली खोली उणे छप्पनवर आली. दुपारी मात्र जैसे थे. मामांनी जेवताना मला, अण्णाला फोन लावून अण्णाला, रविवारी विहारात वंदनेला आलेल्या दोघा-तिघांना, कलबुर्गीहून आलेल्या मुलाला, सगळ्यांना विचारलं की दुपारी दोन ते चार या घरात असं काय होतं. मुलगा म्हणाला, बंद करून चालू करा.

अशात माझी पाळी आली. प्रशिक्षणात प्रत्येकानं दहा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा होता आणि शिक्षणाधिकारी मॅडम स्वतः बघणार होत्या. मला विषय आला, पाचवीला क्षेत्रफळ कसं शिकवाल. दिवस बुधवार, वेळ दुपारी दोन.

“मास्तरच्या कोठीत बस,” मामा म्हणाले. “तितं त्रेपन्न हाय.”

चाचींनी तुरीचं एक पोतं बाजूला सारून माझ्यासाठी खुर्ची ठेवली, तिच्यावर गिलाफ घातलेली उशी ठेवली. मागं बरण्या ओळीनं लावल्या, म्हणाल्या दिसायला बरं दिसतं. मामा आणि मास्तरांनी आपसात व्यवस्था ठरवून टाकली होती. मामा आमच्या मधल्या खोलीत मोबाईल घेऊन आकड्यावर लक्ष ठेवणार. मास्तर भिंतीपाशी उभे. आकडा पडायला लागला की मामा खिडकीतून हात हलवणार आणि मास्तर शिट्टी वाजवणार, म्हणजे मी भरभर बोलायचं. मला ही व्यवस्था नको होती, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

पाठ सुरू झाला. चाळीसेक शिक्षक आणि मॅडम समोर. माझं छान चाललं होतं. “मुलांनो, आयताची लांबी आणि रुंदी,” असं म्हणून मी दोन्ही हात पसरले आणि त्याच वेळी बाहेर शिट्टी वाजली. मी भरभर बोलायला लागले. दुसरी शिट्टी, लांबलचक. पडद्यावर सगळे थांबले. मॅडमचा चष्मा अर्धा उतरलेला होता, तो तसाच राहिला.

आमच्या आकड्याबरोबर मास्तरांच्या कोठीतलाही आकडा पडला होता. भिंतीला, दाराला, पत्र्याला दोष द्यायला आता जागाच उरली नाही. हे मास्तरांच्या ध्यानात आधी आलं. ते भिंतीवरून म्हणाले, “साब, गड़बड़ डब्बे में है. डब्बे कू देखो.”

पुढचं मला मामांनी नंतर सांगितलं. ते हॉलच्या दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला आणि काढला. मग बाहेरून वळसा घालून ओसरीच्या खिडकीशी गेले आणि आत डोकावले. आत्या कुशीवर झोपल्या होत्या. शोकेसवर डबा नव्हता. डब्याच्या जागी आमचं दुधाचं मोठं भगुनं पालथं पडलेलं होतं आणि त्याच्याखालून एक वायर बाहेर आली होती.

तीस वर्षांत आपण कडब्याच्या गंजीखाली लपवलेले हद्दीचे दगड काढले, पण असलं काही बघितलं नाही, असं मामा म्हणाले.

त्यांनी खिडकीतून हाक मारली. “अगं.” मग जरा मोठ्यानं, “अगं, उट की.” तिसऱ्या हाकेला आत्या उठल्या आणि त्यांनी कडी काढली. मामांनी आत जाऊन भगुनं उचललं, दांड्या उभ्या केल्या आणि तसेच, भगुनं हातात घेऊन, मला दाखवायला मास्तरांच्या घराकडं निघाले.

इकडं पडदा हलला. मॅडमचा चष्मा पूर्ण उतरला. माझे हात इतका वेळ पसरलेलेच होते, कारण खाली घ्यावेत की नाही हे मला कळत नव्हतं. तेवढ्यात सगळं ठीक झाल्याची खूण म्हणून मास्तरांनी बाहेर तीन छोट्या शिट्ट्या दिल्या, त्या सगळ्या तालुक्यानं ऐकल्या, आणि माझ्या मागं, बरण्यांच्या पुढं, मामा येऊन उभे राहिले.

“सापडलं,” ते म्हणाले.

“मॅडम, हे कोण आहेत?” शिक्षणाधिकारी मॅडमनी विचारलं.

“माझे सासरे,” मी म्हणाले.

“त्यांच्या हातात काय आहे?”

मामांना वाटलं आपल्यालाच विचारलंय. “नमस्कार. भगुनं हाय,” त्यांनी सांगितलं, आणि मग थोडक्यात, कचेरीत अहवाल देतात तसा, सगळा प्रकार सांगितला. घर मोजलं तिथपासून. मी त्यांची बाही ओढत होते. मॅडमनी मात्र त्यांना मध्येच थांबवून विचारलं, “तुमचा हॉल केवढा आहे?”

“लांबी अठरा फूट, रुंदी अकरा,” मामा म्हणाले. हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

मला एकदम बळ आलं. “तर मुलांनो,” मी म्हणाले, “अठरा गुणिले अकरा, हॉलचं क्षेत्रफळ किती?” चाळीस शिक्षकांनी एकदम माईक चालू केले आणि वेगवेगळी उत्तरं दिली. त्यातलं एकशे अठ्ठ्याण्णव बरोबर होतं. मॅडमनी डोलावलेली मान मी आजही विसरलेले नाही. प्रत्यक्ष घर मोजून शिकवायची कल्पना चांगली आहे, सगळ्यांनी मुलांना करायला लावा, असं त्या म्हणत होत्या, तेवढ्यात मामांच्या मागून पदर सावरत आत्या आल्या.

“काय चोरी केली म्या?” त्या म्हणाल्या. “ती चार दिवं डोळ्यावर टकाटका मारतेत. झोप येत न्हाई. आदी फडकं टाकलं तर डबा गरम लागाय लागला. पेट घेतला तर? मनून भगुनं घातलं. स्टीलला काय आग लागत न्हाई.”

“मला सांगायचं की,” मामा म्हणाले.

“मला इचारलं कोण? तुमी भिंतीला इचारलाव, दाराला इचारलाव, पालींवर आळ घेतलाव, मास्तरशी भांडून आलाव. मी घरातच व्हते.”

चार वाजता त्या उठायच्या, भगुनं उचलून चहाला दूध तापवायला घेऊन जायच्या आणि डबा पुन्हा मोकळा. इतकं साधं होतं.  पलीकडून चाळीसजण हसत होते आणि कुणालाच माईक बंद करायचं सुचत नव्हतं.

चाचींनी आत्यांची बाजू घेतली. “सही बात है अक्का,” त्या म्हणाल्या. “हमारा डब्बा बी सारा दिन आँख मारता. मैं तो उसपो टोपी डाल देती.” हे ऐकून मास्तरांनी आपल्या घराकडं वळून बघितलं. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

माझा पाठ त्या महिन्यातला सर्वांत चांगला ठरला, असा निरोप आला. सोबत सूचना होती की शिट्टीची गरज नव्हती.

संध्याकाळी आत्यांनी स्वतःच तोडगा काढला. माझ्या डबीतल्या चार मोठ्या टिकल्या घेतल्या आणि चार दिव्यांवर एक एक लावली. दिवे दिसेनासे झाले. मामांनी अॅप धरून खात्री केली, टिकलीनं आकड्यात काही फरक पडत नाही. सहा दिवसांनी अण्णाचं उद्या पुन्हा आलं आणि त्यानं डबा हॉलमधून काढून मधल्या खोलीच्या दारावर, उंच लावून दिला. मामांनी नवा नकाशा काढला. माझं टेबल बागायतीत आलं, हॉल हिरवाच राहिला, स्वयंपाकघर जिरायत झालं. न्हाणीघर आहे तसंच आहे आणि ते तसंच असावं असं आत्यांचं मत आहे.

गल्लीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आता कुणाच्या घरी वायफाय अडलं की मामांना बोलावणं येतं. ते आणि मास्तर साखळी घेऊन जातात. कुणी डबा लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलेला असतो, कुणी पाण्याच्या टाकीमागं, एकानं तर मोठ्या आरशाच्या पाठीमागं ठेवला होता, शोभा जाऊ नये म्हणून. मामा कुठल्याही घरात गेले की आधी बायकांना विचारतात, मग साखळी काढतात. हे त्यांना त्या बुधवारनं शिकवलं.

गेल्या महिन्यात आत्यांची धाकटी बहीण निंबर्ग्याहून फोनवर म्हणाली की तिच्याकडं काही केल्या व्हिडिओ कॉल लागत नाही. मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. साखळी, खडू, कोनमापक, रंगीत पेन्सिली, सगळं पिशवीत. तिथं पोचून त्यांनी चहा घेतला आणि डबा कुठं आहे विचारलं. मावशी म्हणाल्या, “कसला डबा? आमच्यात ते घेतलंच न्हाई अजून.”

मामांनी पिशवीतली साखळी चाचपली. मग उठले आणि म्हणाले, “आलोच हाय तर घर मोजून टाकतो.”

संध्याकाळी ते परत आले तेव्हा खुशीत होते. मावशींचं स्वयंपाकघर एका बाजूनं चार इंच वाकडं निघालं होतं.